विल्यम्सपोर्टला जाऊन आलो

परदेशाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, "काय काय पाहिलंत?" आणि त्याचे उत्तरही विचारणाऱ्याने आधीच मनाशी ठरवून ठेवलेले असते. मी न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर राहून आलो आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पाऊल टाकतो न टाकतो तोच उलटतपासणी सुरू झाली.

"नायगारा पाहिलात?"

"नाही."

"निदान तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा?"

"बोटीतून. लांबून. ऊन फार होतं."

"मग पाहिलंत तरी काय?"

"विल्यम्सपोर्ट," मी म्हणालो.

सगळे गप्प झाले. इतिहासाच्या सहकाऱ्यांनी मात्र जाणत्याप्रमाणे मान हलवली. तिथे कोणती तरी लढाई झाली असावी आणि आपल्याला ती ठाऊक असायला हवी होती, असे त्यांना वाटले असावे. लढाई तिथे झालीच नाही असे मी म्हणत नाही. पण ती सांगायची तर आधी आमच्या मेव्हण्यांपासून सुरुवात केली पाहिजे.

आमचे मेव्हणे हा अत्यंत शांत माणूस. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेस गेले, संगणकाच्या नोकरीत स्थिरावले. घरात मोठ्याने बोलणार नाहीत, रस्त्यात भोंगा वाजवणार नाहीत, आमटीत मीठ नसले तरी तक्रार करणार नाहीत. माझी बहीण म्हणते, "दादा, यांना राग येतो की नाही हे मला लग्नानंतर सात वर्षांनी कळलं." असा हा स्थितप्रज्ञ गृहस्थ दर शनिवारी सकाळी दहा ते बारा या वेळात ओळखू येत नाही. कारण त्या वेळात माझा अकरा वर्षांचा भाचा गावच्या मैदानावर बेसबॉल खेळत असतो.

मी गेलो त्याच्या दुसऱ्याच शनिवारी मंडळींनी मला मैदानावर नेले. घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, उन्हाच्या टोप्या, बहिणीने डब्यात घेतलेले दडपे पोहे, असा सगळा जत्रेचा सरंजाम. मैदान म्हणजे पाचर कापून घ्यावी तसे आकारलेले हिरवेगार गवत, आणि त्या पाचरीच्या टोकाशी लाल मातीचा एक चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बेस. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत साठ फूट. मोठ्यांच्या खेळात हेच अंतर नव्वद फूट असते. मधोमध पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा. त्याच्यापासून फलंदाजापर्यंत सेहेचाळीस फूट. सामना सहा डावांचा, मोठ्यांचा नऊ.

ज्याचे बालपण क्रिकेटवर गेले आहे त्याला हा खेळ पाहताना सारखे वाटते की हे सगळे आपल्या ओळखीचे आहे, फक्त कुणीतरी घरातले सामान हलवून ठेवले आहे. तीन 'स्ट्राइक' झाले की फलंदाज बाद. पट्ट्याबाहेरचे चार चेंडू त्याने सोडले की तो चालत पहिल्या बेसवर जातो, न मारता! आपल्याकडे यष्टीमागे नाजूक 'कट' मारला की टाळ्या पडतात. येथे दोन रेघांच्या बाहेर गेलेला तो फटका 'फाउल', म्हणजे वाया गेला. आणि फटका चांगला बसला की बॅट तिथेच टाकून पळायचे! पहिल्यांदा भाच्याने बॅट टाकली तेव्हा, "अरे, बॅट घे, बॅट घे!" असे मी मराठीत ओरडलो आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अमेरिकन बाईंनी मला आदराने थंड पाणी देऊ केले.

आता त्या शनिवारची गोष्ट. शेवटचा डाव. आमच्या भाच्याच्या संघाला बरोबरीसाठी एक धाव हवी. एक गडी बाद झालेला, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमचा एकेक गडी उभा, आणि बॅट हातात घेऊन आमचे चिरंजीव.

फलंदाजाच्या मागे मुखवटा आणि छातीवर चिलखत बांधलेला पंच उभा होता. त्याने दोन डावांमध्ये मुखवटा वर केला तेव्हा मला कळले की तो 'ती' आहे. गावच्याच शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. लहान मुलांच्या सामन्यांना पुष्कळ ठिकाणी अशीच थोडी मोठी मुले पंच म्हणून उभी राहतात.

भाच्याने बॅट फिरवली. चेंडू गेला तो लांब नव्हे, उंच. सरळ आभाळात. तो चौकोनाच्या आतल्याच मातीवर, एका क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर उतरू लागला. तेवढ्यात त्या मुलीने उजवा हात वर करून बोट आकाशाकडे दाखवले आणि मोठ्याने पुकारले, "इनफील्ड फ्लाय! बॅटर आउट!"

आणि क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटला! त्याच्या डोळ्यांवर ऊन आले होते. चेंडू धप्पकन मातीत पडला. आमचा भाचा धावत पहिल्या बेसवर पोहोचला. आमच्या बाजूच्या खुर्च्यांतून एकच जल्लोष झाला. पण ती मुलगी पुढे आली आणि तिने भाच्याला हाताने बाहेर जाण्याची खूण केली. बाद.

झेल सुटला आणि फलंदाज बाद! क्रिकेटच्या देशातून आलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे झेपणे शक्यच नव्हते. पण मी पाहुणा. मी गप्प बसलो. गप्प बसले नाहीत ते आमचे मेव्हणे. आमटीत मीठ नसताना न बोलणारा तो माणूस खुर्चीतून ताडकन उठला, तारेच्या जाळीपाशी गेला आणि इंग्रजीत ओरडू लागला. चेंडू पडला, साऱ्यांनी पाहिला, तुला दिसला नाही काय? संघाचे प्रशिक्षक शांतपणे मैदानात गेले, त्या मुलीशी दोन वाक्ये बोलले, मान डोलावून परत आले. मेव्हण्यांचे समाधान झाले नाही. "हिला नियम तरी ठाऊक आहेत का?" हे त्यांचे शेवटचे वाक्य साऱ्या मैदानाने ऐकले. तिनेही ऐकले. तिची हनुवटी जरा हलली, एवढेच मला दिसले. मग तिने मुखवटा खाली ओढला.

पुढचा मुलगा तीन स्ट्राइकवर बाद झाला आणि आम्ही एका धावेने हरलो.

सामान आवरताना मी पाण्याच्या नळाकडे गेलो. ती मुलगी तिथे तोंड धूत होती. मी बाजूला थांबलो. ती धूतच राहिली. तोंड धुवायला इतका वेळ लागत नाही, हे वर्गात मुली शिकवणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. मी पाणी न पिताच परतलो.

रात्री जेवणे झाल्यावर भाचा माझ्यापाशी आला. त्याच्या हातात फोन आणि फोनवर नियमांचे पुस्तक. "मामा, तुला ती इनफील्ड फ्लाय कळली नाही ना? ये, दाखवतो." त्याने टेबलावर चार वाट्या चौकोनात मांडल्या. दोन वाट्यांपाशी एकेक शेंगदाणा ठेवला. ते धावणारे गडी. एक लाडू म्हणजे चेंडू.

"हे बघ. चेंडू वर गेला. हे दोघं काय करणार?"

"पळणार," मी म्हणालो.

"नाही ना! झेल घेतला तर त्यांना आपल्या बेसवर परत यावं लागतं. नाही आले तर ते पण आउट. म्हणून ते बेसला चिकटून उभे राहतात. बरोबर? आता फील्डर लबाड असेल तर? तो मुद्दाम झेल सोडेल. चेंडू पडला की हा पहिल्या बेसवरचा आणि हा दुसऱ्यावरचा, दोघांना पुढे पळावंच लागतं, कारण मागून बॅटर येतोय. पण ते तर उभेच होते! मग तो चेंडू उचलून इकडे टाकायचा, तिकडे टाकायचा. दोन आउट! सोप्पं."

"म्हणजे ही फसवणूकच झाली."

"म्हणून तर रूल आहे! पहिला आणि दुसरा बेस भरलेला हवा, किंवा तिन्ही भरलेले हवेत. दोनपेक्षा कमी आउट हवेत. आणि आतल्या फील्डरला साध्या प्रयत्नात घेता येईल असा उंच चेंडू हवा. मग अंपायर आधीच सांगते, बॅटर आउट. आता चेंडू पडला काय, नाही पडला काय. मागून कुणी येत नाही, म्हणून यांना पळायची सक्ती नाही." त्याने दोन्ही शेंगदाण्यांवर बोट ठेवले. "मामा, रूल मला आउट करायला नाहीये. रूल या दोघांना वाचवायला आहे."

मी थक्क होऊन पाहत राहिलो. पंचवीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे; पण नियम सांगताना तो कोणासाठी आहे हे इतक्या सरळ मला कधी सांगता आलेले नाही. समोर कोचावर मेव्हणे टीव्ही पाहत होते. टीव्हीचा आवाज बंद होता.

मग मला छंदच लागला. पुढचे चार-पाच दिवस मी ते नियमांचे पुस्तक अमृतानुभव वाचावा तसे वाचले. त्यातल्या काही गमती सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेंडू रेघेच्या आत की बाहेर हे चेंडू कुठे आहे यावर ठरते, क्षेत्ररक्षकाचे पाय कुठे आहेत यावर नाही. आपल्या सीमारेषेवरच्या झेलाच्या अगदी उलट! पहिल्या बेसवर जाणारा गडी वेगात बेस ओलांडून पुढे गेला तरी चालते. तो डावीकडे वळला की उजवीकडे, याने काही बिघडत नाही. दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न केला तरच त्याला बाद करता येते. 'डावीकडे वळला म्हणजे बाद' असे कित्येक वडील तावातावाने सांगतात. पुस्तकात तसे नाही. 'हात हा बॅटचाच भाग' असेही सांगतात. तेही पुस्तकात नाही, हात हा माणसाचाच भाग आहे. 'चेंडू आणि गडी एकाच वेळी पोहोचले तर फायदा गड्याला' हे तर सुभाषितासारखे तोंडोतोंडी झाले आहे. पण हे सुभाषित त्या शब्दांत पुस्तकात सापडत नाही. आधी कोण पोहोचले हे पंचाने पाहायचे आणि सांगायचे.

मला सर्वांत आवडला तो अपीलाचा नियम. धावताना एखाद्या गड्याचा पाय बेसला लागला नाही आणि पंचाने ते डोळ्यांनी पाहिले, तरी त्याने गप्प बसायचे. समोरच्या संघाने दाद मागितली तरच निर्णय द्यायचा. आपल्या क्रिकेटमध्ये 'हाउज दॅट' विचारल्यावाचून पंच बाद देत नाही, त्याचीच ही चुलत बहीण. पाहूनही न बोलणे किती अवघड असते ते परीक्षेच्या वेळी वर्गात फिरणाऱ्या मास्तरालाच कळेल.

आणि शेवटी एक कलम: पंचाने नियमच चुकीचा लावला असेल तर रीतसर तक्रार करता येते, परंतु डोळ्यांनी पाहून दिलेल्या निर्णयावर तक्रार नाही. झेल साध्या प्रयत्नात घेता आला असता की नाही, हे त्या मुलीने ठरवायचे होते. तिने ठरवले, वेळेवर पुकारले. तिचे काहीही चुकले नव्हते.

हे मी मेव्हण्यांना सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. गुरुवारी रात्री तेच म्हणाले, "दादा, रविवारी विल्यम्सपोर्टला जाऊ या का? या सगळ्या प्रकाराचं मूळ तिथे आहे."

पेन्सिल्व्हानियातले विल्यम्सपोर्ट आमच्या मेव्हण्यांच्या घरापासून मोटारीने तीन-साडेतीन तासांवर. वाटेत डेलावेअर नदीने डोंगर कापून काढलेली खिंड लागते. तिच्या दोन्ही अंगांना जूनमधली झाडी इतकी दाट होती की मला आंबोलीची आठवण झाली. उणीव होती ती फक्त पावसाची आणि चहाच्या टपरीची. पुढे मैलोन् मैल डोंगर आणि रान, आणि मग सस्क्वेहाना नदीच्या पश्चिम फाट्याकाठी वसलेले हे गाव.

एके काळी हे लाकडाच्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकात डोंगरांवरची झाडे तोडून ओंडके नदीत सोडायचे, ते येथे अडवायचे, आणि गिरण्यांत कापायचे. त्या पैशांतून वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर लक्षाधीशांचे वाडे उभे राहिले. वाडे अजून आहेत. जंगल संपले आणि धंदा संपला. आज जगाला या गावाचे नाव ठाऊक आहे ते बारा वर्षांच्या मुलांमुळे.

१९३८ साली येथे कार्ल स्टोट्झ नावाचा एक सामान्य गृहस्थ नात्यातल्या दोन लहान मुलांबरोबर अंगणात चेंडू खेळत होता. चेंडू पकडायला धावताना लायलॅकच्या झुडपात पाय लागून घोटा दुखावला. पायरीवर बसून घोटा चोळता चोळता त्याच्या मनात आले, मोठ्यांच्या मैदानावर मुले खेळतात, त्यांचे हात पोहोचत नाहीत, पाय पुरत नाहीत; मग त्यांच्या मापाचे मैदान का करू नये? त्याने गल्लीतली मुले गोळा केली, त्यांना पळवून पाहिले आणि अंतरे ठरवली. ६ जून १९३९ रोजी लिटल लीगचा पहिला सामना झाला. लंडी लंबर या संघाने लायकमिंग डेअरी या संघाला २३ विरुद्ध ८ असे हरवले. एक संघ लाकडाच्या वखारवाल्यांचा, एक दूधवाल्यांचा. तिसराही संघ होता, तो खारी बिस्किटे करणाऱ्यांचा! १९४७ पासून येथे मोठी स्पर्धा भरू लागली आणि आता दर ऑगस्टमध्ये जगभरातले संघ येतात.

आम्ही प्रथम नदीपलीकडे साउथ विल्यम्सपोर्टला मोठे मैदान पाहिले. हॉवर्ड लामाड स्टेडियम, १९५९ साली बांधलेले. ते रिकामे होते. मैदानाच्या मागे गवताची उतरती टेकडी आहे. सामन्याच्या दिवसांत हजारो माणसे तिच्यावर चादरी पसरून फुकट सामना पाहतात, आणि मुले पुठ्ठ्यांवर बसून घसरगुंडी करतात. भाच्याने मोटारीतून पुठ्ठा आणलाच होता. तो सात वेळा घसरला. आठव्यांदा त्याच्या आग्रहावरून मीही घसरलो. मराठीचा प्राध्यापक पुठ्ठ्यावर बसून उतरणीवरून खाली येतो तेव्हा कसा दिसतो, हे बहिणीने टिपलेल्या छायाचित्रात आहे. ते छायाचित्र या अंकात छापलेले नाही, याबद्दल मी संपादकांचा आभारी आहे.

टेकडीवर बसून मेव्हणे म्हणाले, "इथे अंतिम सामन्यालासुद्धा पंच स्वयंसेवक असतात. मानधन एक पैसा नाही."

"आणि चुकले तर?"

"२००८ पासून इथल्या स्पर्धेत काही निर्णय चित्रफितीवर पुन्हा पाहतात. पण आमच्या गावच्या मैदानावर कुठली चित्रफीत? तिथे एक मुलगी असते." एवढे बोलून ते पुन्हा गप्प झाले.

दुपारनंतर आम्ही नदी ओलांडून जुन्या मैदानावर आलो. वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरचे हे लहानसे मैदान. १९५८ पर्यंतच्या स्पर्धा येथेच झाल्या. कुंपणाबाहेर सावली होती. तिथे बसून मी भाच्याला १९५५ सालची हकीकत सांगितली. ती मी आदल्या रात्रीच वाचली होती. लढाई म्हणालो होतो ती हीच.

दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन गावात कॅनन स्ट्रीट वाय.एम.सी.ए. या नावाने काळ्या मुलांचा एक संघ होता. वये अकरा-बारा. त्यांनी राज्याच्या स्पर्धेत रीतसर नाव दिले. त्याबरोबर राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या एकसष्ट संघांनी आपली नावे काढून घेतली. खेळायला समोर कुणीच उरले नाही. म्हणून ही मुले न खेळताच राज्याची विजेती ठरली. पुढची स्पर्धा जॉर्जियात होती. तेव्हा लिटल लीगच्या अधिकाऱ्यांनी पुस्तक उघडले. पुस्तकात लिहिले होते की प्रत्यक्ष मैदानावर जिंकून आलेल्या संघालाच पुढे जाता येईल. समोरचा संघ न आल्यामुळे विजयी ठरलेल्याला नाही. नियम स्पष्ट होता. या मुलांना पुढे जाता आले नाही.

मात्र त्यांना अंतिम स्पर्धेला पाहुणे म्हणून बोलावले. ती मुले एवढा लांबचा प्रवास करून येथे आली, याच मैदानावर. सामन्याआधी त्यांना काही वेळ सराव करू दिला. त्यांचा सराव पाहून प्रेक्षकांतून आरोळी उठली, "खेळू द्या त्यांना! खेळू द्या!" सराव संपला. मुले बाहेर येऊन बसली आणि दुसऱ्यांचा सामना पाहत राहिली. २००२ साली त्यांना त्या वर्षीच्या राज्यविजेतेपदाचा मान देण्यात आला. तोवर त्या मुलांची वये साठीकडे झुकली होती.

भाचा बराच वेळ जाळीतून मैदानाकडे पाहत होता. मग म्हणाला, "पण मामा, रूल तर होता ना पुस्तकात?"

"होता."

"मग तो कुणाला वाचवायला होता?"

वाचकहो, विद्यार्थ्यांच्या अनेक प्रश्नांना मी उत्तरे दिली आहेत आणि उत्तर येत नसेल तेव्हा घंटा वाजण्याची वाट पाहिली आहे. येथे घंटा नव्हती.

आणि त्या जाळीपाशी मला एकाएकी एक मुलगी आठवली. अमेरिकेतली नव्हे, माझ्या वर्गातली. सहा-सात वर्षे झाली असतील. तिची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांना थोडी कमी पडत होती. आई इस्पितळात होती, घरात दुसरे कुणी करणारे नव्हते. सूट देण्याचा अधिकार प्राचार्यांचा. पण त्यासाठी शिफारस माझी लागत होती. ती टेबलापाशी उभी होती. मी म्हणालो, "तुला सूट दिली तर उद्या सगळ्यांना द्यावी लागेल. नियम म्हणजे नियम." ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही, आणि नंतर कॉलेजातही दिसली नाही. मला त्या वेळी आपण फार निःपक्षपातीपणे वागलो असे वाटले होते. हजेरीचा नियम कोणासाठी आहे, हे मी स्वतःला विचारलेच नव्हते. तो वर्ग बुडवून चहाच्या हॉटेलात बसणाऱ्यांसाठी आहे. आईच्या उशाशी बसणाऱ्यांना पकडायला तो केलेला नाही, आणि म्हणूनच त्याच पानावर सूट देण्याचे कलमही लिहिलेले आहे. ते कलम वाचणे माझे काम होते. मी अर्धेच पान वाचले.

"नाही सांगता येत रे," मी भाच्याला म्हणालो. "तो नियम लबाडी करणाऱ्यांसाठी असेल. पण त्या दिवशी तो चुकीच्या मुलांवर पडला."

मेव्हणे ऐकत होते. "आणि मी," ते हळूच म्हणाले, "बरोबर मुलांना वाचवणाऱ्या नियमावर ओरडलो."

परतीच्या वाटेवर मोटारीत फारसे कुणी बोलले नाही. भाचा पुठ्ठ्यावर डोके टेकून झोपला.

माझ्या निघण्याच्या आदला दिवस शनिवारच होता. मैदानावर तीच मुलगी पंच होती. सामना सुरू होण्याआधी मेव्हणे जाळीकडे जाऊ लागले तेव्हा बहिणीने माझा दंड धरला. "दादा, आता हे काय करतायत?" पण ते जाळीपाशी थांबले, टोपी काढली आणि तिला काहीतरी म्हणाले. लांबून ऐकू आले नाही. नंतर विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, "त्या दिवशीचा तुझा निर्णय बरोबर होता आणि माझं ओरडणं चूक होतं," एवढेच आपण बोललो.

"आणि ती काय म्हणाली?"

"थँक यू म्हणाली. आणि म्हणाली, पुढच्या वेळी आणखी मोठ्यांदा पुकारीन, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल."

त्या सामन्यात तिने एक चेंडू 'स्ट्राइक' दिला. मला तो चांगला वीतभर बाहेरून गेलेला दिसला. मी मेव्हण्यांकडे पाहिले. त्यांनी दडप्या पोह्यांचा मोठा घास तोंडात घातला आणि तो अगदी सावकाश चावला.

जूनमध्ये कॉलेज उघडले. जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यातून मी तिचे नाव आणि गावचा पत्ता शोधून काढला. बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय आहे, अर्ज मी आणून ठेवला आहे, असे एक पत्र तिला घातले. दिवाळी अंकासाठी हा मजकूर पाठवीपर्यंत उत्तर आलेले नाही. पत्ता जुना आहे. लग्न होऊन ती कुठे दुसरीकडेही गेली असेल. अर्ज मात्र टेबलाच्या खणात आहे.

स्टाफरूममध्ये अजूनही लोक विचारतात, "नायगारा राहून गेला ना हो?" मी "हो" म्हणतो. पुढच्या खेपेस पाहीन.